‘फुकटचा सल्ला बुडवतो, विकतचा तारतो’ म्हणे!

शेअर बाजाराच्या मराठी ग्रुपांवर एक युक्तिवाद सतत फिरत असतो. शब्द बदलतात, सार तेच. यूट्यूब-टेलिग्रामवरच्या फुकट टिपांमागे कुणाचा तरी डाव असतो. म्हणून वर्षाची वर्गणी भरा आणि सेबीकडे, म्हणजे बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणीकृत असलेल्या विश्लेषकाचं न्यूजलेटर घ्या. त्यांच्या दहापैकी आठ शिफारशी बरोबर येतात. एकच मल्टिबॅगर, म्हणजे कित्येक पटींनी वाढणारा शेअर, लागला की दहा वर्षांची फी वसूल. आणि नोकरी सांभाळून अभ्यास करायला आपल्याला वेळ आहे कुठे? ऐकायला बिनतोड वाटतं. एकेक दावा सुटा करून बघू.

फुकट टिपांबद्दलचं म्हणणं खरंच आहे, ते आधी मान्य करून टाकतो. मार्च २०२३ मध्ये सेबीने साधना ब्रॉडकास्ट या छोट्या कंपनीच्या प्रकरणात अंतरिम आदेश काढला. यूट्यूबवर व्हिडिओ टाकले गेले, अदानी समूह ही कंपनी घेणार अशी थाप मारली गेली, लोकांनी धावत जाऊन शेअर घेतले, आणि ज्यांच्याकडे आधीपासून माल होता त्यांनी तो त्यांच्या गळ्यात मारला, असं सेबीचं म्हणणं होतं. पण फुकट देणारा लबाड निघाला म्हणून पैसे घेणारा सचोटीचा ठरतो का? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेअर बाजाराचे कोर्स विकणाऱ्या ‘बाप ऑफ चार्ट’वर कारवाई झाली. तिथे तर लोक रीतसर पैसे भरत होते. कोर्सच्या नावाखाली नोंदणीशिवाय सल्ला विकला जात होता, नफ्याचे आकडे मिरवले जात होते, आणि सेबीच्या आदेशानुसार चालकाला जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात स्वतःच्या व्यवहारांत तब्बल २ कोटी ८९ लाखांचा तोटा झाला होता. लोकांकडून गोळा केलेले १७ कोटी २० लाख रुपये वेगळे जमा करायचा आदेश सेबीला द्यावा लागला. फी घेणाऱ्याचं उत्पन्न शिफारस बरोबर येण्यावर अवलंबून नसतं, तुम्ही वर्गणी भरण्यावर असतं. या फरकाकडे सोयीस्कर काणाडोळा होतो.

‘पण ते नोंदणी नसलेले होते, आमचे नोंदणीकृत आहेत.’ बरं. नोंदणी जरूर बघावी. रिसर्च ॲनालिस्टचा, म्हणजे अशा विश्लेषकाचा, क्रमांक ‘आयएनएच’ने सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर नाव ताडून बघायला दोन मिनिटं लागतात. दुसऱ्याचा क्रमांक छापून पैसे उकळणारेही आहेत, म्हणून पैसे कुणाच्या खात्यात जातात तेही बघा. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत मंडळींसाठी ‘@व्हॅलिड’ असलेले खास यूपीआय आयडी आले आहेत. मात्र या नोंदणीचा अर्थ एवढाच की माणसाची पात्रता आहे, तो परीक्षा पास आहे आणि त्याला नियम लागू आहेत. ज्या शेअरची शिफारस करायची त्यात अहवालाच्या आधी ३० दिवस आणि नंतर ५ दिवस स्वतः व्यवहार करायचा नाही, हा २०१४ च्या नियमावलीतला नियम त्यातलाच. परताव्याची हमी नोंदणीत कुठेच नाही. उलट तशी हमी नाही हे जाहिरातीत लिहावंच लागतं. ते बारीक अक्षरात असतं ही गोष्ट वेगळी.

आणखी एक. रिसर्च ॲनालिस्ट सगळ्यांना एकच शिफारस पाठवतो. तुमच्या डोक्यावर गृहकर्ज आहे की नाही, मुलीची फी पुढच्या जूनमध्ये भरायची आहे का, हे त्याला ठाऊक नसतं आणि ते विचारणं त्याचं कामही नाही. ते काम इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझरचं, त्याची नोंदणी वेगळी.

आता दहापैकी आठ. हा आकडा खोटा नसेलही, तरीही तो काही सांगत नाही. आठ शेअर पाच-पाच टक्के वाढले की ‘टार्गेट हिट’ म्हणून नफा वसूल, आणि उरलेले दोन ‘होल्ड करा’ म्हणत म्हणत तीस-तीस टक्के पडले, असं समजा. प्रत्येकात सारखी रक्कम असेल तर चाळीस आले, साठ गेले. यश ८० टक्के आणि भांडवल २ टक्क्यांनी घटलेलं!

विक्रीसाठी येणारे तक्ते तर नीट बघण्यासारखे असतात. डावीकडे कंपनीचं नाव, मग शिफारशीची किंमत, आजची किंमत, शेवटी हिरव्या रंगात परतावा. हिरव्याशिवाय दुसरा रंगच नाही. खाली तळटीप: बंद केलेल्या शिफारशी धरलेल्या नाहीत. म्हणजे जे बुडाले ते आधी बंद केले आणि मग तक्ता छापला. दुसरी खाच तारखेत असते. निफ्टी हा बाजाराचा निर्देशांक २३ मार्च २०२० ला ७,६१० वर बंद झाला होता आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये १८,००० च्या वर गेला. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या कुठल्याही यादीतले शेअर दुप्पट झालेले दिसणारच. निर्देशांकच दुपटीहून जास्त झाला होता. आणि ‘शिफारशीची किंमत’ ही बहुधा आदल्या दिवशीची. स्मॉलकॅपमध्ये, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या शेअरमध्ये, रोजची उलाढाल तुटपुंजी. हजारो वर्गणीदारांना एकाच सकाळी मेल गेला की शेअर अप्पर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या वाढीच्या कमाल मर्यादेला. विकणारा नाही, तुमची ऑर्डर पडून. दोन-तीन दिवसांनी हातात येतो तोवर भाव दहा-पंधरा टक्के वर. तक्त्यातला परतावा त्यांच्या किमतीवर, तुमचा तुमच्या किमतीवर.

आपल्याकडे याची त्रयस्थ नोंद वर्षानुवर्षं नव्हती. परताव्याचे दावे तपासणारी यंत्रणा सेबीने २०२५ मध्ये कुठे आणली. अमेरिकेत मार्क हल्बर्ट १९८० पासून न्यूजलेटरांच्या शिफारशींची वही ठेवत होते. त्या नोंदी घेऊन जॉन ग्रॅहम आणि कॅम्पबेल हार्वी या प्राध्यापकांनी १९८० ते १९९२ मधली २३७ न्यूजलेटरं तपासली. तेवढीच जोखीम घेऊन नुसतं गप्प बसणाऱ्यापेक्षा सरस परतावा फारच थोड्यांना देता आला.

फी वसूल होण्याचं गणित तर सांगणाराच अर्धवट सोडतो. वर्गणी १२,००० धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी: १४,१६०. तुमची गुंतवणूक २ लाखांची असेल तर हे ७ टक्क्यांहून जास्त झाले. म्हणजे निर्देशांकाच्या बरोबरीला यायलाच दरवर्षी त्याच्यापुढे सात टक्के धावायचं. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर, तो आणखी वेगळा. निफ्टीतलेच शेअर घेणाऱ्या इंडेक्स फंडाच्या डायरेक्ट (मध्यस्थाशिवायच्या) प्लॅनचा खर्च ०.२ टक्के धरला तर याच २ लाखांवर वर्षाला ४०० रुपये. गुंतवणूक ४० लाखांची असेल तर तीच वर्गणी किरकोळ वाटेल, हे कबूल. पण हे फॉरवर्ड ४० लाखवाल्यांसाठी लिहिलेलं नसतं.

राहिला वेळेचा मुद्दा. ज्याला तिमाही निकाल वाचायला वेळ नाही, त्याला दुपारी मीटिंगमध्ये असताना आलेला ‘आत्ता विका’चा मेल तरी कधी दिसणार? त्याने अशा इंडेक्स फंडात दरमहा ठरावीक रकमेची एसआयपी लावून मोकळं व्हावं.

पैसे देण्यासारखी न्यूजलेटरं आहेतच. एखाद्या उद्योगाची नाडी ओळखणारा, वार्षिक अहवालातल्या तळटीपा आणि कॉन्कॉल (कंपनीची विश्लेषकांशी होणारी चर्चा) यांची नुसती भाषांतरं न देता त्यांतली गोम उलगडून दाखवणारा विश्लेषक वाचायला मिळाला तर एखाद्या चांगल्या मासिकासारखे पैसे द्यावेत, टिपांसाठी नव्हे. घ्यायच्या आधी ताजा अंक मागू नका, तो कुणीही आनंदाने पाठवतो. तीन वर्षांपूर्वीचा एखादा अंक मागा, आणि त्यासोबत तेव्हापासूनच्या सगळ्या शिफारशींची तारीखवार यादी, बंद केलेल्या धरून, लाभांशासकटच्या निर्देशांकाशी तुलना करून. ‘ती फक्त सदस्यांना देतो’ असं उत्तर आलं तर वर्गणी भरायची घाई नको.