लेबल वाचणारं गिऱ्हाईक

"ओ मालक, वाचायचं असलं तर हिराचंद नेमचंद वाचनालयात जावा की, हितं कशाला उभारलाय उन्हात?"

हे मला सोलापुरात ऐकवण्यात आलं. चाळिशी ओलांडलेल्या, घरपट्टी वेळेवर भरणाऱ्या माणसाला, भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या समोर. गुन्हा काय, तर इंजिन ऑइलच्या दोन डब्यांची मागची बाजू वाचत होतो. एक डबा नावाजलेल्या ब्रँडचा, ज्याची जाहिरात मॅचच्या दोन ओव्हरच्या मध्ये लागते तो. दुसरा माझ्या बाईकच्या कंपनीच्या नावाचा, वर 'जेन्युइन ऑइल' लिहिलेला. दोन्ही फुल्ली सिंथेटिक, दोन्ही १०डब्ल्यू-३० ग्रेडचे, म्हणजे पातळपणा सारखाच, दोन्ही एक लिटर, आणि ब्रँडचा अडीचशे रुपयांनी महाग. अडीचशेची शेंगा चटणी आमच्या घरात महिनाभर पुरते, त्यामुळे मी वाचणारच.

आणि वाचायला वेळ लागतो त्यात माझी काय चूक? डबा कुणी बनवला ते छापायचं असा कायदा आहे, म्हणून छापतात, पण ते इतकं बारीक की चष्मा कपाळावर घ्यावा का नाकावर तेच कळत नाही. हिरो घ्या, होंडा घ्या, बजाज घ्या, हे लोक गाड्या बनवतात, तेल गाळत बसत नाहीत. त्यांच्या नावाचं तेल कुठलीतरी तेलवालीच कंपनी बनवून देते. ते नाव शोधत होतो हो. तर दोन्ही डब्यांवर एपीआय एसएन, ही दर्जाची अमेरिकन खूण, दोन्हीवर जासो एमए२, ही बाईकच्या तेलाची जपानी खूण. बाईकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, कारच्या तेलात घर्षण कमी करायची जी औषधं असतात ती इथं पडली की प्लेटा घसरायला लागतात, म्हणून बाईकला जासो एमए नाहीतर एमए२ बघून घ्यायचं. म्हणजे दोन्ही पोरं एकाच बोर्डाची पास. मग अडीचशे कशाचे?

एवढंच दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "क्वालिटी." मी म्हटलं कसली क्वालिटी, तर म्हणाला, "साहेब, नाव बघा की." आणि पोराला ओरडला, "ए, सायबाला त्ये स्वस्तातलं दे बे." हे 'स्वस्तातलं' अजून डोक्यात बसलंय.

इथं आप्पा आले.

आप्पा म्हणजे पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, पिशवीत एक जुना स्पार्क प्लग रुमालात गुंडाळलेला. लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये सायझिंग खात्याला होते म्हणे. मिल बंद पडली पण आप्पांची लुना चालू राहिली. माझ्या हातातला डबा त्यांनी न विचारता घेतला, हलवला, कानाला लावला आणि परत दिला.

"लिटरला किती टाकताय?"

"काय?"

"तेल ओ. एक लिटर पेट्रोलला किती?"

मी म्हटलं, आप्पा, ही फोर स्ट्रोक आहे, तेल पेट्रोलमध्ये नाही टाकत, ते इंजिनात खाली वेगळं असतं.

"मग पेट्रोलमध्ये काय टाकताय?"

"काहीच नाही."

"काहीच नाही?" आप्पा दुकानदाराकडं वळले. "ह्ये बगा. पेट्रोल कोरडंच घालतोय म्हणतोय."

सगळ्या दुकानानं माझ्याकडं बघितलं. एक रिक्षावाला, ज्याची स्वतःची फोर स्ट्रोक रिक्षा बाहेर उभी होती आणि ज्याला सगळं कळत होतं, त्यानं पण "च्च च्च" केलं.

मी समजावायला गेलो. टू स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबर जळतं, म्हणून लुनाला धूर असतो. आप्पा म्हणाले, धूर पायजेच. धूर नाय म्हणजे तेल जागेवर पोचत नाय. त्यांच्या लुनाचा धूर विजापूर वेशीला निघाला की बेगमपेठेपर्यंत दिसायचा, अन इंजिन कधी उघडलं नाही. यावर काय बोलणार? मी डबा घेऊन पैसे द्यायला वळलो तर आप्पांनी दंड धरला. "थांबा. आपण टेस्ट करू."

दुकानात सुट्टं विकायला फोडलेले दोन्ही डबे होते. आप्पांनी काउंटरवरचा पेपर ओढला, आतलं पान काढलं, बोट बुडवून ब्रँडच्या तेलाचा थेंब सोन्या-चांदीच्या भावावर टाकला. कंपनीचा थेंब टाकला तो निधनवार्तेत, एका कैलासवासी माणसाच्या फोटोच्या बरोबर मिशीवर. मग सगळे वाकून बघत बसलो. मी पण. मला स्वतःचाच राग येत होता पण बघत होतो. थेंब पसरत गेले. सोन्याचा भाव आधी ओला झाला की मिशी, यावर दोन गट पडले. दुकानदाराचा पोरगा मिशीच्या बाजूनं होता.

"दोन्ही पळायलेत," आप्पा म्हणाले. "पळणारं तेल कामाचं नाही. तेल कसं, बसलं पायजे. सोलापूरच्या उन्हाला तर घट्टच पायजे."

आता यात थोडं खरं आहे, जुन्या बऱ्याच बाईकना २०डब्ल्यू-४०च चालतं आणि मॅन्युअलमध्ये तसंच छापलेलं असतं. पण माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० आहे. मी सांगितलं, आप्पा, तो ३०चा आकडा तेल १०० डिग्रीला असताना मोजतात, आपलं ऊन कितीही असलं तरी ४४च्या आसपास थांबतंय. आणि पुढचा १० थंडीचा, ते तेल उणे २५ला तपासतात. आप्पा म्हणाले, "उणे पंचवीस हितं कुठाय?" बरोबर आहे. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेला सकाळी अंगावर स्वेटर आणि दुपारी काखेत स्वेटर अशी आमची थंडी. सोलापुरात उणे असलंच काही तर ते नळाचं पाणी. पण सकाळी गार इंजिनात तेल वरपर्यंत लवकर पोचतं, पातळपणाचा फायदा तो, हे मी म्हणेपर्यंत आप्पांनी बोटावरचं उरलेलं तेल दुकानाच्या शटरच्या खाचेला पुसलं होतं आणि शटर वरखाली करून बघत होते. "हितं मात्र चांगलं चालतंय."

माझा मेहुणा अमेरिकेत डॅलसला असतो. तो कॉस्टको नावाच्या मोठ्या दुकानातनं त्यांच्याच कर्कलंड नावाचं तेल आणतो, पाच क्वार्टचे दोन डबे जोडून मिळतात, म्हणजे एकेक पावणेपाच लिटरचा. वॉलमार्टचं सुपरटेक पण तसंच. त्यांच्यावर पण एपीआयची खूण असते. तिकडं दुकानाच्या नावाचं तेल घेतलं की लोक हुशार म्हणतात, इकडं चिकट. आणि ज्या 'सिंथेटिक'वरनं आपण एवढा भाव खातो त्याची गोष्ट ऐका. मोबिलनं अमेरिकेत तक्रार केली होती की कॅस्ट्रॉल खनिज तेलच हायड्रोजन लावून, दाबाखाली नवीन करून घेतंय आणि त्याला सिंथेटिक म्हणतंय. १९९९ साली तिथल्या जाहिरातींचे वाद सोडवणाऱ्या मंडळानं कॅस्ट्रॉलच्या बाजूनं कौल दिला. तेव्हापासून ते ग्रुप तीनचं तेल पण सिंथेटिक आणि खरोखर रसायनातून बनवलेलं ग्रुप चारचं, पीएओ म्हणतात ते, ते पण सिंथेटिक. माझ्या हातातल्या दोन्ही डब्यांवर 'फुल्ली' होतं, पण फुल्ली म्हणजे तीन का चार ते एकानं पण छापलं नव्हतं. त्यात मिसळायची औषधं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात मुख्यतः चारच, लुब्रिझॉल, इन्फिनियम, ॲफ्टन, ओरोनाइट. म्हणजे तेल कुणाचं, औषध कुणाचं, डबा कुणाचा, आणि अडीचशे रुपये मात्र माझे. क्रिकेटरच्या मानधनात जातात ते, दुसरं काय. तो काय माझ्या गाडीवर बसणारे का?

पण खरा राग दुकानदारावर नाही, त्याचं पोट आहे. खरा राग सर्व्हिसिंगवाल्यांवर आहे. एसी लावलेल्या काउंटरवर गाडी घेतात, बिल देतात, बिलात 'इंजिन ऑइल' लिहितात आणि तेल कुठलं घातलं विचारलं की "कंपनीचं" सांगतात. बॅरलमधनं नळी लावून भरतात, काचेपलीकडनं आपण बघायचं. ग्रेड? एपीआय? बिलावर काही नाही. स्वतःचा सीलबंद डबा घेऊन गेलो तर वॉरंटी जाईल, जबाबदारी तुमची, इथं सही करा. माझी वॉरंटी कधीच संपली, आता कुठली जाणार? ज्याच्यावर सगळं छापलेलं आहे त्या डब्यावर संशय, आणि ज्याच्यावर काहीच नाही त्या बॅरलवर विश्वास ठेवायचा, आणि लेबल वाचणारा माणूस मात्र चिकट. असो. असो कसलं, नाहीच असो.

शेवटी कंपनीचाच डबा घेतला. स्वस्तातला. शेजारच्याच मेकॅनिककडं गाडी लावली, जुनं तेल काढलं, ते काळंकुट्ट निघालं. आप्पा मागोमाग आलेच होते. "बगा, जळलं!" मेकॅनिक म्हणाला, काळं होणारच, घाण धरून ठेवायलाच तेल असतंय. आप्पांनी त्याला गप्प केलं आणि माझ्या कानाशी आले.

"मालक, डबा रिकामा झाला की टाकू नका. मला द्या."

"कशाला?"

"पाणी चार-पाच दिसानं येतंय. संडासला बरं पडतंय, मुठीचं हाय."

मला जरा बरं वाटलं, एवढ्या सगळ्यातून कुणाचा तरी फायदा. मी हो म्हणालो. तेवढ्यात मेकॅनिकनं शेवटचा थेंब निथळून घेतला, स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि डब्याच्या बुडाला खच्चकन भोक पाडलं. रिकाम्या डब्यात डुप्लिकेट तेल भरून विकतात, म्हणून तो प्रत्येक डब्याला पाडतो, शहाणा माणूस आहे.

आप्पांनी डबा उचलून भोकातून माझ्याकडं बघितलं.

"म्हणून म्हणलं, ब्रँडचं घ्या."