"तीन वर्षं झाली की क्लेम नाकारताच येत नाही" हा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

परत तो मेसेज आला, या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर. "विमा कायदा कलम ४५, पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनी डेथ क्लेम नाकारूच शकत नाही. म्हणून जुनी महागडी पॉलिसी बंद करा, स्वस्त टर्म प्लॅन घ्या, बिनधास्त रहा. मात्र तीन वर्षांच्या आत नाकारला तर काहीच करता येत नाही." कलम खरंच आहे, त्यामुळे लोक पुढच्या वाक्यांवरही विश्वास ठेवतात. माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, ठेवला होता, म्हणून लिहितेय.

आधी ते तीन वर्षांचं. ही वर्षं पॉलिसीमागे मोजतात, माणसामागे नाही. पॉलिसी इश्यू झाली ती तारीख, रिस्क सुरू झाली ती, रिव्हायव्हलची (बंद पडलेली पॉलिसी परत चालू केल्याची) आणि रायडरची (पॉलिसीला जोडून घेतलेल्या जादा संरक्षणाची), यातली जी सगळ्यात नंतरची तिथून तीन वर्षं, असं कलमातच आहे. दादाची जुनी पॉलिसी ११ वर्षांची होती, म्हणजे तिच्यावर कोणी बोट ठेवू शकत नव्हतं, ती त्याने सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद केली, आणि फोनवरून टर्म प्लॅन (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) घेतला, की झालं, मोजणी पुन्हा शून्यापासून. हेल्थ पॉलिसी पोर्ट करता येते, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेता येते, तशी लाइफची होत नाही, जुन्या वर्षांचं क्रेडिट नवीन कंपनी देत नाही. नोकरीतला ग्रुप विमा सोडून स्वतःचा घेतला तरी तेच.

हप्ते थकून बंद पडलेली पॉलिसी परत चालू करणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. २०१५ च्या दुरुस्तीआधी मुदत दोन वर्षांची होती आणि ती मूळ पॉलिसीपासून धरायची असं सुप्रीम कोर्टाने १९६२ साली एका रिव्हायव्हलच्याच केसमध्ये सांगितलं होतं. आता कायद्यातच रिव्हायव्हलची तारीख आलीय. त्यामुळे रिव्हायव्हलच्या वेळी तब्येतीचा जो फॉर्म देतात तो न वाचता सही करू नका.

आणि "नाकारूच शकत नाही" हेही पूर्ण खरं नाही. हप्ता भरलाच नाही, ग्रेस पीरियड, म्हणजे हप्ता भरायची सवलतीची मुदतही संपली आणि पॉलिसी लॅप्स झाली तर कलम ४५ मदतीला येत नाही. वयाचा पुरावाही कंपनी कधीही मागू शकते.

आता मेसेजमधलं शेवटचं वाक्य. ते सगळ्यात घातक आहे, कारण ते वाचून बायामाणसं घरी रडत बसतात आणि मुदत निघून जाते.

दादा नवीन पॉलिसीच्या चौदाव्या महिन्यात गेला, हार्ट अटॅक. क्लेम टाकला, दीड महिन्याने पत्र आलं की विमेदाराने डायबेटिस लपवला, क्लेम रद्द. वहिनीने ते पत्र देवघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं होतं, तीन आठवडे कोणाला दाखवलं नाही. मी गेले तेव्हा पॉलिसीची सगळी फाइल जमिनीवर पसरून बसलो. प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विमा घेतानाच्या अर्जावर, डायबेटिसपुढे "नाही" होतं, तो फॉर्म टेलिकॉलरने भरलेला. पण त्याच फाइलमध्ये कंपनीनेच करून घेतलेला मेडिकल रिपोर्ट, उपाशीपोटी शुगर १४८, आणि पॉलिसीच्या पहिल्या पानावर हप्त्याखाली "एक्स्ट्रा प्रीमियम" अशी वेगळी ओळ. म्हणजे शुगर माहीत होती म्हणून तर जास्त पैसे घेतले!

कलम ४५ मध्येच आहे की जी गोष्ट कंपनीला माहीत होती ती लपवली म्हणून फसवणुकीचा ठपका ठेवता येत नाही. आणि फसवणूक न म्हणता नुसती माहिती दडवली म्हणत असतील, तर ती कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती हे कंपनीने सिद्ध करायचं असतं, आपण नाही. शिवाय त्या कारणाने नाकारलं तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत द्यावे लागतात, हे वहिनीच्या पत्रात कुठेच नव्हतं. २०१५ साली सुप्रीम कोर्टाने मणक्याच्या दुखण्याची माहिती दिली नव्हती अशा एका केसमध्ये क्लेम द्यायला लावला, कारण तो माणूस हृदयविकाराने गेला होता आणि मणक्याचं दुखणं जीवघेणं नव्हतं.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी दिलं, फॉर्म आणि रिपोर्टच्या कॉप्या जोडून. महिनाभरात समाधानकारक उत्तर आलं नाही की विमा लोकपालकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकून निकाल देणारा अधिकारी) जाता येतं, पुण्यात आणि मुंबईत ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे क्लेम चालतात. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. सुनावणीत वहिनीने ती एक्स्ट्रा प्रीमियमची ओळ बोट ठेवून दाखवली, बाकी फारसं बोलायची गरजच पडली नाही. निकाल आमच्या बाजूने लागला. लोकपालचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्याला पटला नाही तर ग्राहक आयोगात जायला आपण मोकळे असतो.

पॉलिसी बदलायचीच असेल तर नवीन हातात येऊन तिच्यासोबतची प्रपोजल फॉर्मची कॉपी स्वतः वाचेपर्यंत जुनी बंद करू नका, चुकीचं काही दिसलं तर ३० दिवसांच्या फ्री लुकमध्ये पॉलिसी परत करता येते. दादाने ती कॉपी उघडलीच नव्हती, आम्ही फाइल पसरली तेव्हा लिफाफा अजून चिकटलेलाच होता.