मूकपट मुके नव्हते

रविवारी भाचा जेवायला आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सिनेमाचं वेड आहे. जेवणं झाल्यावर मी त्याला मोबाईलवर फाळक्यांच्या 'कालिया मर्दन' या मूकपटाचा तुकडा लावून दिला. दहा सेकंदांत त्याला हसू फुटलं. "मावशी, ही माणसं अशी तुरुतुरु का चालतात गं? तेव्हा कुणाला नीट शूटिंग जमत नव्हतं का?"

हा प्रश्न मला नवा नाही. प्रभात रोडवर राहणारी, सिनेमावर तासन् तास बोलणारी मंडळीसुद्धा मूकपट म्हटलं की असंच हसतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

तेव्हा कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवायचे. सेकंदाला साधारण १६ ते २० चित्रं. प्रसंग बघून कॅमेरामन हात सैल सोडायचा किंवा जरा जोरात फिरवायचा, आणि ते त्याचं कसब होतं. आवाज आल्यावर हे चालेना. फिल्मचा वेग जरा हलला की गाणाऱ्याचा सूर हलतो. मग मोटर आली आणि सेकंदाला २४ हा आकडा पक्का झाला. सोळा-अठराच्या वेगानं काढलेली फिल्म चोविसानं पळवली तर माणसं तुरुतुरु चालणारच! चूक दाखवणाऱ्याची आहे, काढणाऱ्याची नाही.

दुसरी गोष्ट नावाची. १९३१ च्या आधी कुणी थिएटरात 'मूकपट' बघायला जात नव्हतं, लोक सिनेमा बघायला जायचे. बोलपट आला आणि त्यानं आपल्या थोरल्या भावाला हे नाव चिकटवलं. त्यातून वाटतं की त्या सिनेमात काहीतरी कमी होतं. थिएटरं तर कधीच शांत नव्हती. पडद्यासमोर पेटी-तबला वाजायचा, पडद्यावर मधेमधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या वाचता न येणाऱ्यांसाठी कुणीतरी त्या मोठ्यानं वाचायचं. पाट्या बदलल्या की तोच चित्रपट कुठल्याही प्रांतात चालायचा.

१४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात आपला पहिला बोलपट 'आलम आरा' लागला आणि हे मोडलं. एका रात्रीत नाही, पण फार भराभर. त्याच साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची मंडळी 'चंद्रसेना' काढत होती, बिनआवाजाचा. पुढे पुण्यात आलेल्या प्रभातचा आपण अभिमान बाळगतो तो 'संत तुकाराम'मुळे, 'कुंकू'मुळे. पण १९२९ साली सुरू झालेल्या या कंपनीनं आधी सहा मूकपट काढले, हे किती जणांना माहीत आहे? दामले, फत्तेलाल, शांताराम हे सगळे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. ज्या पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला, त्यांच्या हाताखाली. ही माणसं शब्दांवाचून गोष्ट सांगायला शिकली होती.

१९३२ मध्ये त्यांनी 'अयोध्येचा राजा' काढला, पहिला मराठी बोलपट. कथा हरिश्चंद्राची, म्हणजे फाळक्यांनी १९१३ साली जिथून सुरुवात केली तीच. मधल्या १९ वर्षांत फरक काय पडला? आता तोच चित्रपट मराठीत आणि हिंदीत असा दोनदा काढावा लागला. भाषेनं पडद्याला कुंपण घातलं.

नुकसान माणसांचंही झालं. थिएटरातल्या पेटीवाल्यांचं काम गेलं. सुलोचनाबाई, म्हणजे रुबी मायर्स, मूकपटातली केवढी मोठी नटी! तिला काम थांबवून हिंदुस्थानी शिकायला बसावं लागलं. कॅमेऱ्याचा खडखडाट माइकमध्ये येऊ लागला, म्हणून त्याला पेटीत कोंडलं. मोकळा फिरणारा कॅमेरा जागेवर खिळला. दिग्दर्शकाला चालू शॉटमध्ये नटाशी बोलता येईना.

आवाज नको होता असं मी म्हणत नाही. गोविंदराव टेंबे, शांता आपटे पडद्यावर ऐकायला मिळाले हे आपलं भाग्यच. पण मूकपट कमकुवत होता म्हणून हरला, हे मला अजिबात मान्य नाही. तो अगदी भरात असताना थांबवला गेला. 'आलम आरा'च्या दीड महिना आधी चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' आला, त्यात एकही संवाद नाही. अमेरिकेत बोलपट येऊन तेव्हा तीन वर्षं उलटली होती.

आणि आपल्याकडे ती विद्या गेली कुठे? माझ्या मते ती प्रभातच्या बोलपटांत जिवंत राहिली. १९३७ चा 'कुंकू' पुन्हा बघा. त्याला पार्श्वसंगीत नाही. घड्याळ आहे, घरातले आवाज आहेत, आणि मधे शांतता. शांततेवर इतका भरवसा मूकपट काढलेला माणूसच टाकू शकतो. आज प्रत्येक प्रसंगाखाली व्हायोलिनं पसरलेली ऐकते तेव्हा मला त्या घड्याळाची फार आठवण येते.

आपल्याकडे सुमारे १३०० मूकपट निघाले. आज उरलेत तीसेक, त्यातलेही बरेच तुकड्यांत. फिल्ममधली चांदी काढण्यासाठी रिळं विकली गेली, चटकन पेटणारी तेव्हाची नायट्रेट फिल्म जळली, कुजली. 'आलम आरा'चीही प्रत आज कुठे नाही. २००३ च्या जानेवारीत आपल्या पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि त्यात कितीतरी जुनी रिळं गेली. लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जे उरलंय, त्यामागे संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांची अनेक वर्षांची पायपीट आहे. माळ्यावर आजोबांचे फिल्मचे गोल पत्र्याचे डबे असतील तर भंगारात देऊ नका, विस्तवाजवळ उघडू नका. आधी संग्रहालयात विचारा.

भाच्याला मी एवढं सगळं नाही सांगितलं. फक्त म्हटलं, व्हिडिओचा वेग पाऊणपट कर. अठरा भागिले चोवीस, हिशेब त्यानंच केला. मग सुरुवातीचा भाग परत लावला. त्यात फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, सात वर्षांची, नुसती कॅमेऱ्यासमोर बसून चेहऱ्यावर एकेक भाव आणते. हसते, रुसते, चिडते. आणि बघता बघता त्या पोरीचा कृष्ण होतो.

या वेळी तो हसला नाही. संपल्यावर फोन माझ्याकडे न देता म्हणाला, "पुढचं आहे का?"