गवतात ओव्हरटेक झालाच नव्हता

नॅस्कार या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या मालिकेत दरवर्षी निवडक चालकांची ऑल-स्टार शर्यत होते. तिच्याबद्दल एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ही शर्यत म्हणजे चाहत्यांच्या मतांवर भरवलेली लोकप्रियतेची स्पर्धा. हंगामाच्या विजेतेपदाचे गुण नसतात, म्हणून कुणी जीव तोडून गाडी चालवत नाही. पूर्वी सगळं साधं-सरळ होतं, नियमांचा खेळखंडोबा अलीकडे टीव्हीसाठी झाला. शिवाय शार्लट हा जुना ट्रॅक सोडल्यामुळे परंपराही मोडली. आणि ‘खरा काळ’ कसा होता हे सांगायला १९८७ चा प्रसंग जोडलेला असतो: डेल अर्नहार्टने गवतातून गाडी घालून बिल एलियटला मागे टाकलं म्हणे.

लिहिणाऱ्याचं या खेळावर प्रेम आहे, हे वाचताना कळतं. म्हणूनच मुद्दे एकेक करून तपासायला हवेत.

आधी गवताचं बघू. त्या वर्षी शर्यत तीन टप्प्यांत होती, ७५, ५० आणि शेवटी १० लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या). पहिल्या दोन टप्प्यांवर एलियटचं राज्य होतं. शेवटच्या दहा लॅपना हिरवा झेंडा पडला आणि पहिल्याच वळणावर एलियट आणि जेफ बोडाइन एकमेकांना घासले. बोडाइनची गाडी फिरली आणि अर्नहार्ट आतल्या बाजूने पुढे निघून गेला. म्हणजे आघाडी त्याला मिळाली ती डांबरावर. गवताचा प्रसंग त्यानंतरचा. चौथ्या वळणातून बाहेर पडताना एलियटने मागून धक्का दिला, अर्नहार्टची गाडी सरळ रस्त्यालगतच्या हिरवळीवर गेली. तिथे चाकांना पकड नसते, स्टिअरिंग जरा जास्त वळवलं की गाडी गिरकी घेते. त्याने ती गिरकी होऊ दिली नाही, वेगही फारसा जाऊ दिला नाही आणि ट्रॅकवर परत आला तेव्हाही तोच पुढे होता. त्याने कुणालाही मागे टाकलं नव्हतं. आघाडी राखली होती. माझ्या मते हे ओव्हरटेकपेक्षा कितीतरी अवघड काम आहे आणि चुकीच्या नावाखाली त्याचं श्रेय कमीच होतं. पुढे एलियटचा टायर गेला, अर्नहार्ट जिंकला आणि शर्यत संपल्यावर एलियटने त्याच्या गाडीला गाडी भिडवून राग काढला.

आता मतांचा मुद्दा. १९८५ साली ही शर्यत ‘द विन्स्टन’ या नावाने सुरू झाली तेव्हा मैदानात बारा चालक होते आणि ते सगळे १९८४ च्या हंगामातले शर्यत-विजेते. निकषाचा गाभा आजही तोच आहे: आदल्या आणि चालू हंगामात जिंकलेले, शिवाय पूर्णवेळ धावणारे माजी विजेते. उरलेल्यांसाठी २०२५ पर्यंत आधी एक पात्रता शर्यत व्हायची. चाहत्यांच्या मतांची जागा २००४ मध्ये आली, आणि ती एकच. २००८ मध्ये केसी केन पात्रता शर्यतीतून आत येऊ शकला नाही, मतांवर आला आणि दहा लाख डॉलर जिंकून गेला. मतांनी त्याला फक्त दार उघडून दिलं होतं, जिंकावं त्याला ट्रॅकवरच लागलं.

‘गुण नाहीत, म्हणून जोर नाही’ हे तर इतिहासाच्या नेमकं उलट आहे. गुण नसल्यामुळे सांभाळून चालवायचं कारणच उरत नाही. हंगामी शर्यतीत चौथा क्रमांकही कामाचा असतो, इथे पहिल्यालाच काय ती किंमत. १९८९ मध्ये रस्टी वॉलेसने शेवटी शेवटी डॅरेल वॉलट्रिपला धक्का मारून फिरवलं आणि नंतर दोन्ही संघांचे मेकॅनिक पिटमध्ये, म्हणजे टायर-इंधनासाठी गाड्या थांबतात त्या जागी, एकमेकांवर धावून गेले. १९९२ मध्ये शेवटच्या लॅपला अर्नहार्ट पुढे होता. काइल पेटीने त्याला गाठलं, अर्नहार्टची गाडी फिरली आणि डेव्ही ॲलिसन पेटीच्या बरोबरीने रेषेकडे आला. ॲलिसन जिंकला, पण रेषेवरच दोन गाड्या भिडल्या आणि त्याची गाडी भिंतीवर आदळली. त्याला हेलिकॉप्टरने रुग्णालयात हलवावं लागलं. विजयाचा सोहळा संघाने चालकाशिवाय केला. जीव न तोडता चालवणारी माणसं अशी जिंकत नाहीत. १९९७ मध्ये तर हेंड्रिकच्या संघाने जेफ गॉर्डनसाठी खास गाडी बांधली, तिचं नाव टी-रेक्स. ती तपासणीत पास झाली, जिंकलीही, आणि नॅस्कारने सांगितलं की पुन्हा आणू नका.

नियमांच्या गोंधळाबद्दल मात्र मजकुरातलं थोडं खरं आहे. २०१२ मध्ये पहिले चार टप्पे जिंकणाऱ्यांना शेवटच्या पिट स्टॉपला जाताना पुढच्या जागा मिळायच्या. जिमी जॉन्सनने पहिला टप्पा जिंकला आणि नंतर मागे जाऊन आरामात गाडी चालवली. नियमानेच तशी सोय केली होती, दोष त्याचा नव्हता. पुढच्या वर्षी नियम बदलला. २०१६ च्या नियमांनी तर चालकांचाही गोंधळ उडाला. हे बदल वाईट होते, एवढं मी मान्य करतो.

पण ‘पूर्वी सरळ होतं’ हे मान्य नाही. सरळसोट ७० लॅपची शर्यत पहिल्याच वर्षी झाली. १९८६ ला एलियटने ८३ पैकी ८२ लॅप आघाडीवर काढले, बघायला प्रेक्षकही मोजकेच होते, आणि १९८७ पासून टप्पे आले. पुढे टप्प्यांदरम्यान गाड्यांचा क्रम उलटवणं आलं, २००२ मध्ये मागे पडलेल्यांना बाद करायची पद्धत आली. बदल हा या शर्यतीचा जन्मापासूनचा स्वभाव आहे. विजेतेपदाच्या हिशेबाला धक्का लागत नाही, म्हणून नवं काही करून बघायचं ते इथे. १९९२ ला शार्लटचा दीड मैलाचा ट्रॅक दिव्यांनी उजळला तो याच शर्यतीसाठी. २०२० मध्ये रिस्टार्टला, म्हणजे थांबलेली शर्यत पुन्हा सुरू होताना, आतली की बाहेरची रांग हे चालकाने निवडायचा नियम इथे तपासला आणि त्याच हंगामात नेहमीच्या शर्यतींत आणला.

राहिलं शार्लट. दुसऱ्याच वर्षीची ती ८३ लॅपची शर्यत ॲटलांटाला होती, तीही मदर्स डेच्या दिवशी, तेव्हा ‘कायम शार्लट’ हे सुरुवातीपासूनच खरं नाही. २०२० ला साथीमुळे ब्रिस्टल, मग दोन वर्षं टेक्सास. टेक्सासचा निर्णय मलाही पटला नव्हता. पण २०२३ ते २०२५ या काळातल्या नॉर्थ विल्क्सबोरोला परंपरेचा द्रोह म्हणणं अन्यायाचं आहे. हा ट्रॅक १९४७ चा. १९४९ च्या पहिल्या हंगामाची शेवटची शर्यत इथेच झाली. १९९६ नंतर त्याच्या शर्यतींच्या तारखा न्यू हॅम्पशायर आणि टेक्सासला गेल्या आणि जागा ओसाड पडली, ती जवळपास सत्तावीस वर्षांनी पुन्हा भरली. आणि १९८५ ची पहिली ऑल-स्टार शर्यत वॉलट्रिपने जिंकली ती गाडी ज्युनियर जॉन्सनच्या संघाची होती, म्हणजे हा ट्रॅक जिथे आहे त्याच विल्क्स काउंटीतून आलेली.