पहिला सूट लग्नाच्या आधी शिवा

आपल्याकडे बहुतेक पुरुषांच्या आयुष्यात सूट एकदाच येतो, रिसेप्शनला. सासरकडून कापड येतं किंवा मानाचे पैसे येतात, घरातले चार जण दुकानात बसून नवरीच्या शालूला शोभेल असा रंग ठरवतात, आणि नवरा मुलगा तो सूट घालून एक संध्याकाळ स्टेजवर उभा राहतो. मरून, वाइन, चमकणारा निळा, मखमली कॉलर. असा कोट दुसऱ्या दिवशी ऑफिसला घालता येत नाही, मुलाखतीला तर नाहीच. पंधरा-वीस हजार, कधी त्याच्या दुप्पट पैसे कपाटातल्या कव्हरमध्ये पडून राहतात.

मी पुण्यात एमबीएच्या मुलांना शिकवतो, त्यांच्या मुलाखतींची तयारी करून घेतो. बीड, जळगाव, लातूर, चिपळूण अशा ठिकाणांहून आलेली मुलं माझ्यासमोर असतात. त्यांना मी जे सांगतो तेच आज इथे लिहितोय: पहिला सूट लग्नाची वाट न बघता शिवून घ्या. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मापाने. आणि मग पुढच्या चार-पाच वर्षांत सावकाश दुसरा, तिसरा करा. बावीस-पंचवीस हजार पगाराच्या मुलालाही हे जमतं. जमलेलं मी पाहिलंय.

आधी जे चाललंय त्याबद्दल बोलतो, कारण त्याचा मला मनापासून राग येतो. कित्येक महाविद्यालयांत पहिल्याच वर्षी ब्लेझर सक्तीचा असतो. माप म्हणजे एस, एम, एल. कापड शंभर टक्के पॉलिएस्टर, आतून सगळं फ्यूजिंग, म्हणजे डिंकाने चिकटवलेला थर. पैसे फीबरोबरच कापले जातात, त्यामुळे मुलाला निवड करायला जागाच नसते. खांदा दोन बोटं बाहेर, बाही अंगठ्यापर्यंत, आणि सप्टेंबरच्या दमट हवेत मुलगा घामाने निथळतोय. मुलाखत घेणाऱ्याने ब्लेझरवर गुण द्यावेत असं माझं म्हणणं नाही. पण ज्या मुलाचं अर्धं लक्ष बाही वर ओढण्यात आहे, त्याच्या उत्तरातला जीव गेलेला मला दिसतो. त्याच पैशात आणखी थोडी भर घातली असती तर दहा वर्षं टिकणारा कोट झाला असता.

आता पैशांचं. दोन पीस सुटाला मोठ्या पन्ह्याचं कापड, म्हणजे साधारण १५० सेंटिमीटर रुंदीचं, सव्वातीन मीटर लागतं. माझा आग्रह असतो की साडेचार मीटर घ्या आणि दोन पँटी शिवा. सुटात आधी पँट जाते. मांड्यांत घासते, बसून बसून मागे चकाकते. कोट ठणठणीत असतो आणि पँटीपायी अख्खा सूट बाद होतो. नंतर जुळणारं कापड आणू म्हणाल तर ते मिळत नाही, कारण प्रत्येक रंगाईत छटा थोडी बदलते. दुसरी पँट पहिल्याच दिवशी, त्याच ताग्यातून निघाली पाहिजे.

लोकर-पॉलिएस्टर मिश्र चांगलं कापड दीड हजार रुपये मीटरच्या आसपास मिळतं. साडेचार मीटरचे ६,७५० रुपये. कॅनव्हास घालून, म्हणजे आतला थर न चिकटवता टाक्यांनी धरून, कोट शिवणारा मास्तर कोट-पँटीचे ७,००० घेईल असं धरू, जादा पँटीचे १,०००. झाले १४,७५०. शहराप्रमाणे आणि मास्तरप्रमाणे हे खाली-वर होईल, पण हिशेब या घरातच राहतो. कराचंही लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांवरच्या तयार कपड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि मीटरवर घेतलेल्या कापडावर ५ टक्के. गल्लीतल्या छोट्या शिंप्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीचीही गरज नसते. म्हणजे मॉलमधल्या तयार सुटापेक्षा शिवलेला सूट इथेच स्वस्त पडायला लागतो.

पंधरा हजार एकरकमी कुठून आणायचे? कार्ड स्वाइप करून हप्ते पाडायचे हा सगळ्यात वाईट मार्ग. सुटासाठी व्याज भरू नका, कधीच. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने जे केलं ते मला फार आवडलं: त्यांनी सुटाची भिशी लावली. दहा जण, प्रत्येकी महिन्याला दीड हजार. दर महिन्याला चिठ्ठी निघते, ज्याचं नाव त्याचा सूट. कुणाची मुलाखत तोंडावर असेल तर बाकीचे आपण होऊन नंबर सोडतात. कापड मात्र त्यांनी पहिल्याच महिन्यात जाऊन दहा जणांचं मिळून ठरवलं, त्यामुळे दुकानदाराने भावात सवलत दिली. मास्तरला दर महिन्याला एक पक्कं काम मिळालं, तोही खूश. आपल्या आया भिशीतून भांडी आणि सोनं करत आल्या. मुलांनी त्यातून कोट केले. व्याज नाही, कर्ज नाही, आणि एकमेकांच्या ट्रायलला जाण्याची मजा वेगळीच.

कापडाबद्दल दोन गोष्टी समजून घ्याच. दुकानात 'सुपर १००', 'सुपर १२०' असं सांगतात. हा आकडा फक्त लोकरीचा तंतू किती बारीक आहे ते सांगतो. सुपर १०० म्हणजे तंतूची सरासरी जाडी जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, सुपर १२० म्हणजे १७.७५. आकडा वाढला की कापड मऊ होतं आणि नाजूकही होतं. लोकलने, दुचाकीने फिरणाऱ्या मुलाला १५० नंबरचं कापड विकणारा दुकानदार त्याचं भलं करत नाही. पहिल्या सुटाला सुपर १०० पुरे, किंवा लोकरीचं प्रमाण चांगलं असलेलं मिश्र कापड. कापडाच्या किनारीवर बहुतेक वेळा मिश्रण छापलेलं असतं, ते वाचा, दुकानदाराला टक्केवारी विचारा. दुसरी गोष्ट वजनाची. 'आपल्या उकाड्यात सूट कशाला?' हा प्रश्न मला दर वर्षी येतो. उकडतं ते पॉलिएस्टरमुळे आणि आतल्या जाड अस्तरामुळे. मीटरला २४०-२५० ग्रॅमच्या आसपासची, थोडी उघडी वीण असलेली लोकर घ्या, पाठीला अर्धंच अस्तर लावा, मुंबईतही निभतं.

आणि हे कापड काही परदेशातून यायला हवं असं नाही. रेमंडची गिरणी १९२५ मध्ये ठाण्यात सुरू झाली. आज त्या जमिनीवर घरांचे टॉवर आहेत, पण जळगावला १९७९ पासून त्यांचा कारखाना आहे. जळगावच्या मुलाला सुटाचं कापड हे परक्यांचं वाटतं याचं मला वाईट वाटतं. त्याच्याच जिल्ह्यात ते विणलं गेलंय.

रंग? पहिला नेव्ही ब्लू. दुसरा गडद राखाडी. यावर मी वाद घालत नाही. काळा वकिलांना लागतो, त्यांनी जरूर शिवावा. चौकटी आणि डबल ब्रेस्ट, म्हणजे पुढे बटणांच्या दोन रांगा असलेला कोट, चौथ्या सुटाला.

आता एक गोष्ट जी मला या सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते. गावाकडच्या मुलाने सूट शिवला की कुणीतरी म्हणतंच, 'लई मोठा साहेब झालास का?' हे बोलणं ऐकून कोट कपाटात ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना मी त्यांच्या तालुक्याच्या चौकात बघायला सांगतो. तिथे बाबासाहेबांचा पुतळा आहे, सुटात आहे, हातात संविधान आहे. ज्या समाजात कुणी काय नेसावं, कुठला दागिना घालावा हे गाव ठरवत होतं, त्या समाजातला हा माणूस कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकला आणि नीटस सुटात सभेला उभा राहिला. १९२७ मध्ये महाडला त्यांनी जमलेल्या बायकांनाही सांगितलं होतं की जात ओळखू येईल अशी लुगडं नेसण्याची तऱ्हा आणि तसले दागिने सोडा. कपड्याची ताकद त्यांना नेमकी माहीत होती. माझ्याकडच्या ज्या मुलांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, त्यांना सूट का हवा हे समजावावं लागत नाही. ते मापाला सगळ्यात आधी येतात. उरलेल्यांनी त्यांच्याकडून हे शिकावं असं मला मनापासून वाटतं. नीट बसणारा कोट अंगावर घालणं हा कुठल्याही घरच्या मुलाचा हक्क आहे, त्यासाठी साहेब व्हावं लागत नाही.

शिवणाऱ्याबद्दल. कोटाचा कारागीर आणि पँटचा कारागीर वेगळे असतात, चांगल्या दुकानात तरी. मास्तरला थेट विचारा: छातीला कॅनव्हास घालता की नुसतं फ्यूजिंग? फ्यूजिंगमध्ये आतला थर डिंकाने चिकटवलेला असतो. काही ड्रायक्लीन झाल्या, दोन पावसाळे गेले की तो सुटतो आणि पुढच्या भागावर फोड आल्यासारखं दिसतं. त्याला इलाज नाही. कॅनव्हास टाक्यांनी धरलेला असतो, तो अंगाचा आकार घेतो. छातीजवळ वरचं कापड आणि अस्तर दोन बोटांत धरून हलकेच वेगळं करून बघा. मधे तिसरा थर सुटा हलला तर काम खरं आहे. पूर्ण कॅनव्हास परवडला नाही तर छातीपुरता अर्धा चालतो.

कच्च्या शिलाईची ट्रायल घेतल्याशिवाय कोट पुढे जाऊ देऊ नका. खांदा तिथेच बघा, कारण खांदा नंतर बदलणं जवळपास नवा कोट शिवण्याइतकं काम आहे. कंबर, बाही, पँटची उंची नंतर होते. बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसला पाहिजे. पँटच्या मागच्या शिवणीत दीड-दोन इंच मार्जिन सोडायला सांगा. वय पंचवीस आहे, पस्तिशीला ते लागेल.

आणि मास्तरकडे लग्नसराईत जाऊ नका. तुळशीच्या लग्नानंतर त्याला मान वर करायला वेळ नसतो. आषाढात जा, पितृपक्षात जा. दुकानं रिकामी असतात, कारागिरांना काम हवं असतं, आणि तुमच्या कोटाला हवा तेवढा वेळ मिळतो. भाव पाडून मागू नका. कोटाचे कारागीर तुकड्यावर काम करतात, एका कोटात कित्येक तासांचं हातकाम असतं, आणि त्यांची मुलं या धंद्यात यायला तयार नाहीत. पाचशे रुपयांसाठी घासाघीस केली की कॅनव्हासच्या जागी चिकटपट्टी येते, तुम्हाला कळतसुद्धा नाही.

दुसरा सूट पहिल्यानंतर दोन वर्षांनी करा. राखाडी सुटाची पँट निळ्या कोटाखाली चालते, म्हणजे दोन सुटांतून तीन-चार वेगळे पोशाख निघतात. मग लग्न ठरलं की घरच्यांना आधीच सांगा की मानाचा सूट याच मास्तरकडे शिवणार आणि कापड मी निवडणार. आज्जी रुसेल, काका बोलतील. तरी सांगा. तो तिसरा सूट झाला, रिसेप्शननंतर दहा वर्षं वापरात राहणारा.

सांभाळायला फार लागत नाही. रुंद खांद्याचा लाकडी हँगर, कपड्याचा ब्रश, एकदा घातला की एक दिवस विश्रांती. ड्रायक्लीन वर्षातून एक-दोनदाच, इस्त्री ओलं फडकं ठेवून. पावसाळ्यात प्लास्टिकच्या कव्हरमध्ये कोंडू नका, बुरशी धरते. सुती पिशवी शिवून घ्या, कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा, आणि मधून मधून बाहेर काढून वारं द्या म्हणजे कसर लागत नाही.

एक विनंती. पुण्यातले मास्तर मला माहीत आहेत. पण दिवाळीच्या सुट्टीत कापड घेऊन घरी जाणारी मुलं मला विचारतात की आमच्या गावात कोण. नांदेड, सोलापूर, अकोला, रत्नागिरी, मडगाव, कुठलाही असो: कॅनव्हास घालून कोट शिवणारा मास्तर तुम्हाला ठाऊक असेल तर दुकानाचं नाव आणि गल्ली खाली लिहा.