‘नाइस’चं मूळ आणि ‘नाइस’चा अर्थ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘नाइस’ या शब्दावरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं : या शब्दाचा मूळ अर्थ ‘मूर्ख’, तेव्हा कौतुक म्हणून तो वापरणं चूक, संस्कृतातून आलेल्या आपल्या शब्दांचे अर्थ असे भरकटत नाहीत, आणि शब्दाचे जुने अर्थ गाळून मी लेख अर्धवट ठेवला. नातीला तुम्ही हा शब्द निबंधात लिहू देत नाही, असंही तुम्ही लिहिलं आहे.

मुळाबद्दल तुमचं बरोबर आहे. लॅटिनमध्ये ‘नेस्कियुस’ म्हणजे अजाण. त्यातला ‘ने’ हा आपल्या ‘न’चा भाऊबंद, आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणं. ‘सायन्स’ हा शब्दही याच ‘स्कीरे’च्या घराण्यातला. जुन्या फ्रेंचमधून १३००च्या सुमारास ‘नाइस’ इंग्रजीत आला, तो ‘मूर्ख’ हाच अर्थ घेऊन. स्पॅनिशमध्ये त्याच लॅटिन शब्दाचा ‘नेसिओ’ झाला आणि तो आजही मूर्खच राहिला आहे.

इंग्रजीत मात्र तो एका जागी थांबला नाही. मूर्खावरून उच्छृंखल, मग उलट बुजरा, मग खाण्याकपड्यांत नखरे करणारा, मग चोखंदळ, मग काटेकोर आणि सूक्ष्म. ‘आवडण्याजोगा, छान’ हा अर्थ रुळला तो अठराव्या शतकात. नखरेलपासून काटेकोरपर्यंतचा प्रवास मराठी माणसाला अवघड वाटू नये. जेवणाच्या पानावर ‘फार चोखंदळ आहे हो’ म्हटलं की तक्रार असते, आणि ‘चोखंदळ वाचक’ म्हटलं की मान.

हे अर्थ एकामागून एक रांगेत आले असंही नाही. कित्येक वर्षं ते एकाच वेळी वावरत होते. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या शेवटच्या अंकात, आपलं पत्र रोमिओला मिळालंच नाही हे कळल्यावर फ्रायर लॉरेन्स हा धर्मगुरू म्हणतो की ते पत्र ‘नाइस’ नव्हतं. आजचा अर्थ लावला तर वाटेल, पत्रात काहीतरी वाईटसाईट होतं. तुमचा ‘मूर्ख’ लावला तरी वाक्य बसत नाही. त्याला म्हणायचं आहे की पत्र किरकोळ नव्हतं, मोठ्या निकडीचं होतं. अर्थ कळतो तो त्या वाक्यातून आणि त्या काळातून. लॅटिन धातू तिथे उपयोगी पडत नाही.

आणि मूळ धरायचं तर कुठलं? जेन ऑस्टिनची ‘नॉर्थँगर ॲबी’ ही कादंबरी १८१७च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिच्यात हेन्री टिल्नी कॅथरीनला याच शब्दावरून चिडवतो : दिवस नाइस, फेरफटका नाइस, तुम्ही दोघी मुलीही नाइस, सगळ्याला एकच शब्द! त्याच्या मते हा शब्द पूर्वी बहुधा नीटसपणा आणि नाजूकपणा यांसाठीच होता. तो ज्याला मूळ समजत होता, ते मधलंच एक ठाणं. तुमच्यासारखाच तोही जुन्या अर्थाचा पक्षपाती, पण त्याचा जुना अर्थ वेगळा आणि तुमचा वेगळा.

आता तुमचा दुसरा आक्षेप, आणि तो मला अजिबात मान्य नाही. ‘राग’ घ्या. संस्कृतात राग म्हणजे रंग, ओढ, प्रेम. ‘अनुरागा’त तो अर्थ अजून जिवंत आहे. मराठीत राग म्हणजे क्रोध. प्रेमाच्या शब्दाचा संताप झाला, तरी ‘मला तुझा राग आला’ हे वाक्य आपल्यापैकी कुणालाही चुकीचं वाटत नाही. ‘साहस’ घ्या. धर्मशास्त्रात तो बळजबरीने केलेला गुन्हा, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर त्यावर वेगळं प्रकरण आहे. आपण मुलांना साहसकथा वाचायला देतो. ‘तेल’ म्हणजे मुळात तिळाचं, आणि आपण खुशाल शेंगदाण्याचं तेल म्हणतो. हे भरकटणं असेल तर मराठी सगळीच भरकटलेली आहे. मला ती तशी वाटत नाही. ती माणसांच्या तोंडात राहिली, म्हणून तिचे शब्द हलले.

तिसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. ‘सूक्ष्म, काटेकोर’ हा अर्थ मी लेखात द्यायला हवा होता, कारण तो अजून वापरात आहे. इंग्रजी लेखक ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतो तेव्हा तो ‘छान फरक’ म्हणत नसतो, ‘बारीक फरक’ म्हणत असतो. मराठीत उतरवताना इथे हमखास चूक होते. लेखात हा भाग आज जोडला आहे.

राहता राहिली तुमची नात. निबंधातून ‘नाइस’ खोडायला माझाही पाठिंबा आहे, पण कृपा करून तिला ‘याचा अर्थ मूर्ख’ असं सांगू नका. तिने कुणाला तसं म्हटलेलं नाही. ‘सहल नाइस होती’ असं लिहिलं असेल, तर तिला विचारा, काय आवडलं? समुद्र? बसमधली गाणी? खिडकीची जागा मिळाली ते? ती जे सांगेल ते मराठीत असो की इंग्रजीत, तेच त्या ओळीत लिहायला सांगा.