सरासरी गाठली, पण ओल कुठाय?

सप्टेंबरअखेर ‘पावसाने सरासरी ओलांडली’ अशी बातमी वाचली की माझ्या पोटात गोळा येतो.

आमच्या घरात पाऊस कधी मिलिमीटरमध्ये मोजलाच नाही. पाऊस उघडला की वडील खुरपं घेऊन रानात जायचे, माती उकरायचे आणि हातानं माप घ्यायचे. वीतभर ओल गेली असेल तरच चाड्यावर मूठ. चारच बोटं असेल तर शेजाऱ्यानं पेरलं तरी आम्ही थांबायचो.

ही ओल भीज पावसाची. मराठवाड्यात तेव्हा झड लागायची. तीन-तीन दिवस आभाळ झाकोळलेलं, गोठ्यात गुरं आखडलेली, चुलीत ओली लाकडं धुमसतायत. तेव्हा वैताग यायचा, आज त्या झडीसाठी जीव तुटतो. ते पाणी ओढ्याला पळत नव्हतं, रानात मुरत होतं.

कुणी म्हणेल, जुनं ते सोनं वाटतंच. पण हवामानशास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० या काळातल्या नोंदी तपासून २००६ मध्येच दाखवून दिलं होतं की मध्य भारतात मुसळधार पावसाच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या कमी झाल्या. एकानं दुसऱ्याची भरपाई केली, म्हणून सरासरी जागच्या जागी राहिली! पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकारी २०१७ मध्ये पुढचं सांगून गेले: १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीनं वाढल्या. तापलेल्या अरबी समुद्रावरून बाष्पाचे लोंढेच्या लोंढे येतात आणि आठवड्याचा पाऊस एका रात्रीत ओततात.

मधल्या दिवसांत काय होतं तेही बघा. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन ऐन फुलात आणि काळ्या रानात मनगट जाईल एवढ्या भेगा. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, सीना नदीचं पाणी पात्र सोडून शिवारात शिरलं. रानं खडकापर्यंत खरडून गेली, विहिरी गाळानं बुजल्या, शेंगांना झाडावरच कोंब फुटले. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, ती कुठल्या पंचनाम्यात धरणार?

आणि मोजमाप कसं, तर महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिमी झाला की अतिवृष्टी. मग ते ६५ दोन तासांत कोसळले काय आणि दिवसभर रिमझिमत पडले काय, कागदावर सारखेच. वर यंत्र मंडळात एक, गावं दहा-पंधरा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ सुद्धा भरला नाही. मग आठ कोसांवरच्या यंत्रानं माझ्या ओढ्याची साक्ष कशी द्यावी? एका वर्षी आमच्या मंडळाचा आकडा ६५ च्या आत राहिला आणि ओढ्याकाठचं अख्खं रान गेलेलं असूनही हातात छदाम आला नाही. वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक गावात पर्जन्यमापक बसवा, पाऊस तासातासाला नोंदवा, आणि दोन पावसांमधला खंड किती दिवसांचा होता हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. पीकविमा आणि मदत सरासरीवर नको, या नोंदींवर ठरू द्या.

तुमच्याकडे शेवटची झड कधी लागली होती? गाव-तालुक्यासकट खाली लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहिलंत तर फारच बरं.